मंजुरीच्या आधी मरायचं न्हाय!

सरकारी फाइल जाड होत जाते तशी तिच्यात दोन जातीची पानं जमतात. एक, नंबर घालून टाचलेली. दुसरी कुठं टाचता येत नाहीत, ती आमच्या डोक्यात राहतात. मी कुठल्या कार्यालयात इंजिनिअर आहे ते सांगणार नाही, कारण पेन्शन अजून लागायची आहे! पण म्हातारचाळीच्या फाइलमधली ही बिननंबरी पानं इतकी झालीत की बायको म्हणते, "घरात सगळं तीन-तीनदा ऐकून झालं. आता बाहेर सांगा." म्हणून सांगतो.

कागदावर तिचं नाव 'ज्येष्ठ नागरिक निवास'. ते नाव कोल्हापुरातल्या रिक्षावाल्याला सांगितलंत, तर तो तुम्हालाच पत्ता विचारेल. म्हातारचाळ म्हणा, थेट दारात सोडतो. चोवीस बैठ्या खोल्या, भाडं नावापुरतं, आणि पावसाळ्यात छताखाली बसा नाहीतर अंगणात बसा, भिजायचं सारखंच.

ही चाळ पाडून सरकारी निधीतून नवी इमारत बांधायची, असा प्रस्ताव होता. निधीची अट एकच, पण खमकी. मंजुरीच्या दिवशी चाळीत किमान वीस लाभार्थी समक्ष हजर पाहिजेत. एकोणीस भरले तर फाइल बंद, चाळ धोकादायक म्हणून रिकामी करायची, आणि म्हाताऱ्यांनी आपापली सोय बघायची. आम्ही मोजले. बरोबर वीस भरले.

*

अटीत एक पोटअट होती. नवरा-बायको असतील तर दोघं मिळून लाभार्थी एकच. म्हणजे तीन नंबरमधले सुतार आजोबा आणि आजी, माणसं दोन पण मोजायची एक!

मी हे चाळीच्या मीटिंगमध्ये समजावून सांगितलं. सुतार आजोबा विचार करून उठले. "साहेब, मग एकवीस करू की! आम्ही कागदावर काडीमोड घेतो. एक माणूस हाताशी जादा असलेलं बरं."

मी म्हटलं, "आजोबा, असं खोटं कसं चालेल?"

तोवर आजी मागनं म्हणाल्या, "खोटं कशाला? पंचावन्न वर्षं झाली. खरंच घेऊ की!"

आजोबा लगेच खाली बसले.

*

पहिली पाहणी पुण्याच्या कमिटीची. इमारत किती पडकी आहे, हे कमिटीनं डोळ्यांनी बघायचं होतं. आठवडाभर आधी मी फक्त एवढाच निरोप धाडला, की शुक्रवारी पुण्याचे पाहुणे येणार आहेत. तिथंच माझी चूक झाली.

कोल्हापुरी माणसाला 'पावणं येणार' एवढं सांगितलं, की त्याला पुढचं काही ऐकू येत नाही. शुक्रवारी जाऊन बघतो तर चाळ चकाचक! भेगा सिमेंटनं बुजवलेल्या, भिंतींना ताजा चुना, दारादारात रांगोळी, आणि मागच्या अंगणात पांढऱ्या रश्श्याचं पातेलं चढलेलं.

कमिटीचे मोठे साहेब विचारत होते, "गळतं कुठं?" आणि सात नंबरमधले आप्पा त्यांच्या वाटीत रस्सा ओतत म्हणत होते, "गळायचं ऱ्हाऊ दे हो पावणं, तुम्ही जेवा आधी!"

साहेब तुडुंब जेवले आणि शेरा मारून गेले, 'इमारत सुस्थितीत'. सहा महिने पाण्यात!

मी आप्पांवर ओरडलो. आप्पा मूळचे कोडोलीचे, आयुष्यभर ट्रक चालवलेले, त्यामुळं त्यांचं साधं बोलणंही हॉर्न दिल्यासारखं. ते माझ्यावर उलटे ओरडले, "पावण्यास्नी पडकं घर दाखवायचं? आमच्यात तसली रीत न्हाय! निधी गेला तरी चालंल!"

"चालंल म्हणे!" शेजारच्या आठ नंबरमधून आवाज आला. "निधी गेला तर तू जाशील कोडोलीला. मी कुठं जायचं? पुण्याला लेकाच्या दारात?"

या कांबळे बाई. गारगोटीकडं नर्स म्हणून नोकरी केलेल्या. आप्पांना अरे-तुरे करणारं चाळीत एकच माणूस, आणि आप्पांना गप्प करणारंही तेच. दोघांचं दिवसातून दोन वेळा भांडण व्हायचं, औषधाच्या गोळ्यांसारखं, जेवणाआधी.

*

दुसऱ्या पाहणीला मी दम भरून ठेवला. झाडू नाही, रांगोळी नाही, रस्सा नाही. फार तर चहा-पोहे.

सगळ्यांनी ऐकलं. कमिटीचे साहेब व्हरांड्यात बसले, पोह्यांचा पहिला घास घेणार, तेवढ्यात छताचा खपला सुटून बरोबर प्लेटमध्ये पडला. मला मनातून इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो.

साहेब प्लेटकडं बघत राहिले. कांबळे बाई शांतपणे म्हणाल्या, "बाजूला काढून खावा साहेब. आम्ही रोज तसंच खातो."

शेरा त्याच दिवशी बदलला.

*

आता फक्त मंजुरीची वाट बघायची होती. पण विसांतला सगळ्यात तरुण माणूस बाहत्तर वर्षांचा! मला रात्री झोप लागेना. चाळीतून फोन आला की आधी माझंच ब्लडप्रेशर वाढायचं.

आप्पांनी अंगणात सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं, "मंजुरीच्या आधी कुणी मरायचं न्हाय! ज्याला लईच घाई हाय, त्यानं साहेबांकडं लेखी अर्ज द्यायचा!"

कांबळे बाईंनी सगळ्यांची बीपी तपासायची रोजची ड्यूटी स्वतःकडं घेतली. लोणची जप्त झाली. आप्पांचा मिरचीचा खर्डाही जप्त झाला, त्यावर मोठं भांडण झालं.

आठ दिवसांनी बाईंची तक्रार आली. "हा माणूस पहाटे पाचला भिंतीवर दोन थापा मारतो."

मी आप्पांना बाईंसमोरच बोलावलं. ते म्हणाले, "मारणारच! बाई जित्ती हाय का न्हाय, कसं कळायचं? एकोणीस झालं म्हंजे?"

"अहो, पण त्यांची झोप मोडते."

"कसली मोडतीय? ती पाचच्या आधीच उठून बसलेली असती. मी दोन मारल्या की ती बी उलट दोन मारती."

मी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "न्हाय मारल्या तर दार मोडून आत येईल तो. दाराचा खर्च तुमचं ऑफिस देणार हाय का?"

*

एकदा मात्र खरंच सगळं संपतंय असं वाटलं. बाईंचा मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला. "आई, हे छत तुझ्यावर पडायची वाट बघू का मी? चल." त्याचं काही चुकत नव्हतं. बाईंनी मुकाट्यानं बॅग भरली, मुलानं डिकीत ठेवली. मी अंगणात उभा राहून मनात मोजत होतो, एकोणीस, एकोणीस.

गाडी मागं घ्यायला गेला तर मागं खाट! खाटेवर गादी, गादीवर आप्पा.

मुलगा म्हणाला, "आजोबा, जरा सरकता का?"

आप्पा म्हणाले, "गादी वाळत घातलीया. ऊन गेलं की उचलतो."

आभाळ गच्च भरून आलेलं होतं. उन्हाचा पत्ता नव्हता.

अर्धा तास असाच गेला. शेवटी बाई गाडीतून उतरल्या, डिकी उघडायला लावली आणि बॅग काढून घेतली. मुलाला म्हणाल्या, "निधी मंजूर होऊ दे, मग बघू. माझ्यापायी एकोणीस जणांना रस्त्यावर आणू व्हय मी?"

आणि जाता जाता आप्पांना, "ऊठ आता. पाऊस आला तर त्याच गादीवर झोपायचं हाय तुला."

*

नवा नकाशा दाखवायला मी गेलो तो दिवस माझ्या अभिमानाचा होता. रॅम्प, कठडे, प्रत्येकाला स्वतःचं बाथरूम. मी शेवटी छाती फुगवून सांगितलं, "आणि खोल्यांमधल्या भिंती नऊ इंची! शेजारी बँड वाजवला तरी ऐकू येणार नाही."

टाळ्या पडल्या. आप्पा तेवढे टाळी वाजवेनात.

"म्हंजे थाप बी ऐकू यायची न्हाय?"

"अजिबात नाही!" मी खुशीत म्हणालो.

त्या दिवशी सात आणि आठ नंबरमध्ये भांडण झालं नाही. मला वाटलं, चला, नकाशा सगळ्यांना पसंत पडला.

*

मंजुरीचा दिवस उजाडला. पुण्याच्या साहेबांनी एकेक नाव पुकारलं. सुतार आजोबांना ताप होता, त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. आप्पा 'हजर' असे ओरडले की साहेबांच्या हातातलं पेन पडलं. वीस नावं, वीस अंगठे, आणि खाली साहेबांची सही. मी चाळीमागं जाऊन रुमालानं डोळे पुसले, खोटं कशाला सांगू!

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडतं न उघडतं तोच आप्पा आणि कांबळे बाई माझ्या टेबलासमोर. एकाच रिक्षातून आलेले. आप्पांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, बाईंची साडी ठेवणीतली.

आप्पांचा आवाज पहिल्यांदाच खाली होता. "साहेब, झालेली मंजुरी आता माघारी जात न्हाय न्हवं?"

"नाही."

"विसाचं एकोणीस झालं तरी?"

मी खुर्चीतून उठलोच. "कोण गेलं?"

"कुणी जात न्हाय हो! नुसतं विचारतोय."

"सही झाली आप्पा. आता काही झालं तरी निधी जात नाही."

आप्पांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी चष्मा लावला, नकाशा आपल्याकडं ओढला, माझी पेन्सिल उचलली आणि सात आणि आठ नंबरच्या मधल्या भिंतीवर फुली मारली.

"ही नको."

मी म्हणालो, "अहो बाई, पण का?"

बाई खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. आप्पा उजवा तळहात चोळत म्हणाले, "पहाटं उठून थापा मारून मारून हात दुखायला लागलाय, साहेब."