मामीने झाकलेली पुराची रेघ

नागपूरहून गाडीत बसले तेव्हा पिशवीत कपडे कमी आणि कागदच जास्त होते. बनारसला माझी मामी राहत्या घराच्या तळमजल्यावर कर्णबधिर मुलांची शाळा चालवते. गंगेला बाढ (पूर) आली की पाणी गल्लीतून थेट वर्गात शिरतं. गच्चीवर दोन खोल्या बांधाव्यात म्हणून एका परदेशी मदत-संस्थेकडे अर्ज केला होता. लिहिला मीच, असले अर्ज लिहिणं ही माझी रोजीरोटी. आता संस्थेच्या दिल्लीच्या बाई पाहणीला येणार होत्या. मदत मिळाली नाही, तर पावसाळ्याआधी शाळा कायमची बंद, असं मामीने फोनवर सांगून टाकलं होतं.

स्टेशनबाहेर टोटो (बॅटरीची रिक्षा) मिळाली. "संकठा घाट? मैदागिन तक छोड़ देंगे, आगे पैदल जाइए," रिक्षावाला म्हणाला. मैदागिनला द्रोणातली गरम कचोरी खाल्ली आणि जीभ भाजून घेतली. पुढे गल्लीत एक सांड आडवा उभा. मी आपली भिंतीला चिकटून उभी, तर मागून आलेली एक बाई त्याच्या पाठीवर थाप मारून निघूनही गेली.

मामीने दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थिजले. वर्गाच्या भिंती पांढऱ्याशुभ्र! 'पुराची रेघ आजही भिंतीवर दिसते, येऊन पाहा,' असं मी अर्जात ठासून लिहिलं होतं. ती रेघ गायब.

"मामी, हे काय केलंस?"

"पुताई (चुन्याची सफेदी) करून घेतली. मेहमान येणार ना गं! असली गंदी भिंत दाखवायची?"

"अगं, ती भिंत दाखवायलाच तर बोलावलंय त्यांना!"

"शेजारणीकडून चांदीचं ताटपण आणलंय," मामी उत्साहाने म्हणाली. मी कपाळावर हात मारला. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या बाई आल्या. वर्गातच रांगोळी, पाट, पुरणपोळी, कटाची आमटी, सगळा थाट. जेवता जेवता त्यांनी सरळ विचारलं, "आपको दिक्कत क्या है?"

"कुछ नहीं। देवी की कृपा से सब बढ़िया है," मामी म्हणाली. "आमटी और लीजिए।"

मी मध्येच पुराचं काढलं. बाईंनी कोऱ्या भिंतीकडे पाहिलं, "हाँ, लिखा तो था आपने," म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

मी मामीला स्वयंपाकघरात ओढलं. "अगं, मदत आपणच मागितलीय ना? खरं सांगायला काय होतं तुला?"

"लाज वाटते!" मामी फणकारली. "या घराने येणाऱ्याला वाढलंय. हात नाही पसरला कुणापुढे."

"मग मुलांना सांग, आता घरीच बसा."

फार लागेल असं बोलले. मामीचे डोळे भरले. पदराने ते पुसत ती बाहेर गेली. बाई दारात चपला घालत होत्या. मामी भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तळहात आपल्या खांद्याशी आडवा धरला.

"पानी यहाँ तक आता है।"

मग तिने जवळ बसलेल्या, शाळेतल्या एका लहान मुलीला ओढून घेतलं. हात तिथेच ठेवला. मुलगी त्या हाताखाली अख्खी मावली. तिला वाटलं, खेळच चाललाय. तिने हसत हसत दोन्ही हात वर वर नेऊन पाणी चढताना दाखवलं आणि शेवटी आपलं नाक दाबून धरलं. मला रडूच कोसळलं.

"पुताई मैंने करवाई," मामी म्हणाली. "शर्म आ रही थी।"

बाईंनी चपला काढल्या. "और क्या-क्या छिपाया है, दिखाइए।"

मामीने त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि एका ढिगावरची चादर बाजूला ओढली. खाली कुजलेले बाक होते, गाळाने चिकटलेली पुस्तकं होती. बाई बराच वेळ तिथे बसून लिहीत होत्या.

परतीच्या गाडीत मामीने बांधून दिलेल्या पुरणपोळ्या खाताना माझं मन मला खात होतं. लोकांची गरज कागदावर मांडायची मला सवय झाली आहे. ज्याची गरज आहे त्याला ती तोंडाने सांगताना काय होतं, हे मी इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

पुढे मंजुरी आली. मामीचा फोन आला, तो मात्र तक्रारीच्या सुरात.

"मिळाले गं पैसे. पण त्या बाईंना सांग, एकदा जेवायला या. मागल्या वेळी ओल्या भिंतीपाशी बसवलं मी त्यांना. आता गच्चीवर वाढेन."