ज्यानं ठोकलं, त्यानं ओढायचं

आडतीच्या दुकानात माल येतो आणि विकला जातो. किस्से मात्र पडून राहतात. त्यांना कीड लागत नाही आणि गिऱ्हाईकही लागत नाही! निजामाच्या राज्यात आमचं दुकान उमरग्याला, सोलापूर–हैदराबाद सडकेला लागूनच होतं. शाळा मी बाहेरूनच पाहिलेली. जे काय शिकलो ते दुकानाच्या ओट्यावर. आणि अभिमानानं सांगतो, तो ओटा म्हणजे आमच्या भागातली सगळ्यात जलद अदालत होती. बसणारे तिघं: धान्याचे मोठे व्यापारी चनबसप्पाअण्णा, गाड्यांची चाकं दुरुस्त करणारे गुलाबभाई आणि त्या दोघांना चहा पाजणारा मी.

*

सुरुवात झाली ती दोन गाडीवानांमुळं. एकाच गावचे. एकाच्या गाडीनं दुसऱ्याच्या गाडीला मागून धडक दिली, चाक मोडलं आणि दोघं गेले सरकारी अदालतीत. कामकाज सगळं उर्दूत. दोघांना कळायचं ते फक्त पुढची तारीख. मोडकी गाडी पुरावा म्हणून कचेरीत अडकली.

एकदा अण्णांनी पाहिलं, तर वादी-प्रतिवादी एकाच गाडीतून तारखेला निघालेले!

"अरे, भांडताय ना तुम्ही?"

"व्हय अण्णा. पण ह्याची गाडी कचेरीत हाय. ह्याला घेतल्याशिवाय तारीख कशी व्हायची?"

अण्णा म्हणाले, "मग हाच निकाल की! ज्यानं ठोकलं, त्यानं ओढायचं."

तेव्हापासून ओट्याचा कायदा ठरला. ज्याची गाडी मोडली, त्याचा माल ठोकणाऱ्यानं ठिकाणावर पोचवायचा. समाधान झालं की मोडलेल्यानं चारचौघांत "फिटलं" म्हणायचं. एकदा म्हटलं की दावा संपला, पुन्हा कुणी उकरायचा नाही. आणि चूक कुणाची, याला वकील लागायचा नाही. अण्णांचं ठरलेलं: "पुढच्याच्या पाठीला डोळे नसतात. मागच्याला समोरच दिलेत!"

*

एक कुंभार आला. धडकेत गाडीभर मडकी फुटली म्हणे. खापऱ्यांचा ढीगच ओतला पुढ्यात. गुलाबभाईंनी ढीग चाळला आणि म्हणाले, "तोंडं वेगळी काढ. मडकं असो की माणूस, तोंड एकच असतं."

काढली. गाडीभर कसली, टोपलीभरसुद्धा होईनात!

कुंभार म्हणाला, "काहींची तोंडं धडकेत उडून गेली असतील."

अण्णा म्हणाले, "जाऊ दे. त्यांच्या वाटचं तूच बोलतोयस!"

*

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, म्हणून कोळशाच्या गॅसवर लॉऱ्या धावायच्या. अशाच एका लॉरीनं मिरच्या विकणाऱ्या काशव्वाच्या गाडीला मागून ढुशी दिली. ड्रायव्हर रहीम गुणी माणूस. दर बाजाराला तिच्या मिरच्या लॉरीतून आणायचा. चाक नवं झालं, गाडी चालती झाली, पण काशव्वा काही "फिटलं" म्हणेना.

"खाला, चाक तो हो गया ना?"

"चाक झालं रे बाबा. बैल अजून भेदरतोय."

पुढच्या बाजारी बैल बरा होता, पण गाडी कुरकुरत होती. शेवटी रहीम ओट्यावर आला आणि कानाला हात लावून बसला. आम्ही काशव्वाला बोलावलं.

ती म्हणाली, "लेकीच्या गावावरनं हीच एक लॉरी येते. लेक बाळंत झालीय. नातवाला घेऊन ती घरी आली की लगेच म्हणते!"

रहीमनं पुढच्याच खेपेला मायलेकरांना पुढच्या सीटवर बसवून आणलं. काशव्वा लॉरी थांबायच्या आतच ओरडली, "फिटलं!"

*

मग एकदा खुद्द अण्णांच्याच गाडीनं तेल्याच्या गाडीला ठोकलं! लोक म्हणाले, "अण्णा, तुमी पंच. तुमाला कोण विचारतंय?"

अण्णांनी आपल्या नव्या कोऱ्या टांग्यात तेल्याची पेंड भरली, वर स्वतः बसले आणि भर बाजारातून गेले. धोतराला हा एवढा डाग! मी म्हटलं, "अण्णा, परटाकडं धाडू का?"

"धुवायचा न्हाय," अण्णा म्हणाले. "कायदा दाखवा म्हटलं, तर दाखवायला काहीतरी पाहिजे की!"

*

आणि मग ते बडे साहेब. नाव नको. उघड्या टपाच्या मोटारीतून चालले होते. उतारावर आमच्या भीमाच्या बैलगाडीला मागं टाकलं आणि तेवढ्यात साहेबांना दिसले तितर! बंदूक घेत ओरडले, "रोको!" ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. भीमाची गाडी ज्वारीनं भरलेली, उतारावर आवरेना. दांडी थेट मोटारीच्या मागच्या टाकीत! पेट्रोल मातीत. तितर उडाले.

साहेबांनी बैल जप्त करायचा हुकूम सोडला. बैल गेले तर भीमाचं घरच बसणार. पण जप्तीला पंच लागतात, म्हणून आम्हाला बोलावणं आलं.

अण्णांनी विचारलं, "साहेब, मागून कुणी ठोकलं?"

"इसने!"

"मग चूक ह्याचीच. तुमचा दावा मंजूर!"

भीमा पांढराफटक पडला. "अण्णा, तुमी बी?"

साहेब खूश. "क्या मिलेगा?"

"आमच्याकडं एकच हर्जाना. ज्यानं ठोकलं, त्यानं ओढायचं. थेट कचेरीच्या दारापर्यंत."

ऊन डोक्यावर, टाकी कोरडी, दुसरं वाहन नाही. साहेबांनी मान डोलावली. भीमानं गाडी सोडली आणि बैल मोटारीला जुंपले.

तो नेमका बाजाराचा दिवस. काचेमागं साहेब, हातात उभी बंदूक, पुढं दोन बैल आणि त्यांच्याही पुढं छाती काढून अण्णा! दोन्ही बाजूंनी माणसं.

"साहेब, हॉर्न वाजवा की!"

"मोटार कडब्यावर चालतीय व्हय?"

वेशीपाशीच साहेब दार उघडून उतरायला लागले. अण्णांनी हात जोडले.

"बसा साहेब, बसा! हर्जाना अर्धा सोडून गेलात, तर लोक म्हणतील, उमरग्यात इन्साफ मिळत न्हाय. अजून अख्खा बाजार बाकी हाय."

"तो अब क्या करना?"

"तसं समाधान झालं असलं, तर एक शब्द म्हणायची रीत हाय. तो म्हटला की दावा संपला. बैलही मोकळे."

अण्णांनी शब्द कानात सांगितला. साहेब मोटारीत उभे राहिले आणि मिरच्यांच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल असे ओरडले, "फिटलं! फिटलं! फिटलं!"

गुलाबभाई अदबीनं पुढं झाले. म्हणाले, "साहेब, एकदाच म्हणायचं असतं."