पहिलं नाव

“मी तुझ्या विरोधात मत दिलेलं नाही,” हेमचंद्र दुसऱ्यांदा म्हणाला. “कोरी चिठ्ठी टाकली. त्यात फरक आहे.”

“एकसष्ट मतं. तीस त्यांना, तीस मला आणि एक कोरी,” चारुलता म्हणाली. “काय फरक आहे ते मला समजावून सांगा.”

शाळेच्या कॅन्टीनमध्ये चहाच्या थर्मासमागे उभं राहून नवराबायको हळू आवाजात भांडत होती. हॉलमध्ये दोह्यातल्या त्यांच्या मराठी मंडळाची अध्यक्षपदाची निवडणूक अडली होती. निम्म्याहून जास्त मतं कुणाला तरी पडेपर्यंत फेऱ्या घ्यायच्या आणि दर फेरीला शेवटचा गळणार, असा नियम. पहिल्या फेरीत तिसरा उमेदवार कौशिक गळला. दुसऱ्या फेरीत चारुलता आणि सदानंद यांची बरोबरी झाली. चहानंतर तिसरी फेरी होती.

“ती चिठ्ठी माझीच कशावरून?”

“घडीवरून.”

हेमचंद्र रस्त्यांच्या कामावर इंजिनियर होता. पंचवीस वर्षं साइटवरच्या ड्रॉइंगच्या घड्या घालून त्याच्या हाताला वळण पडलं होतं. किराण्याचं बिलसुद्धा तो एक घडी आत, एक बाहेर असं पंख्यासारखं दुमडायचा. मोजणीला उमेदवार पुढच्या रांगेत बसतात. मोजणी करणाऱ्या सचिव आसावरीनं पेटीतून ती चिठ्ठी काढली, तेव्हा उघडायच्या आधीच चारुलतेनं ती ओळखली होती.

“तू ओळखलीस, मग साहेब नाही ओळखणार? रोज माझी ड्रॉइंग त्यांच्या टेबलावर असतात.”

हेमचंद्रचे कंपनीतले साहेब म्हणजे सदानंदच. फुटबॉलचा वर्ल्ड कप नोव्हेंबरात होता. तो संपला की कंपनीत कोण राहणार आणि कोण घरी जाणार, याची यादी त्यांच्या सहीनं वर जायची होती. त्यांच्या मुलीची, ज्ञानदाची, बारावी पुढच्या मार्चात होती.

“मग घडी वेगळी घालायची.”

“घालायला गेलो. हात तसाच जातो.”

यावर चारुलता एरवी हसली असती. नाशिकहून ती लग्नानंतर दोह्यात बिन महमूद भागातल्या दोन खोल्यांत आली, तेव्हा मंडळात नऊ कुटुंबं होती. तेव्हापासून गणपतीचे मोदक तिचे, शनिवारचा मुलांचा मराठीचा वर्ग तिचा, नव्या सुनांना व्हिसाच्या मेडिकलला कुठे जायचं ते सांगणं तिचं. स्टेजवर मात्र ती कधी नव्हती. यंदा उभी राहिली ती एका कामासाठी. बिरकत अल अवामेरच्या कामगारांच्या कॅम्पात राहणारा साताऱ्याचा शहाजी क्रेन चालवायचा. त्यानं दोन वर्षांपूर्वी फोन केला होता, “ताई, आमच्यातली चाळीसेक पोरं आहेत. गणपतीच्या जेवणाला आलो तर चालेल का?” तिनं कमिटीला विचारलं. कमिटी म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तेच म्हणाली. सदानंदांना यंदा हॉटेलात, पुण्याचे कलाकार आणून, वर्ल्ड कपच्या वर्षाला साजेसा कार्यक्रम करायचा होता. चारुलतेला कॅम्पात एक बस पाठवायची होती.

आणि तिला स्वतःला मत नव्हतं. एका कुटुंबाला एक मत, ते मंडळाच्या सभासदत्वाच्या फॉर्मवर ज्याचं पहिलं नाव त्यानं टाकायचं. हा नियम आठ वर्षांपूर्वी तिनंच सुचवला होता. नवराबायकोत भांडणं नकोत म्हणून. दर वर्षी फॉर्मही तीच भरायची आणि नवऱ्याचं नाव वर लिहायची. व्हिसा त्यांच्यावर, घर त्यांच्या नावावर, हात आपोआप तिथंच जायचा.

“मला द्यायचं नसेल तर त्यांना द्या,” थर्मासचं झाकण आवळत ती म्हणाली. “पण कोरी टाकू नका. बायकापोरं सकाळपासून ताटकळलीत. सुट्टीचा एक शुक्रवार असतो लोकांचा.”

तिसऱ्या फेरीत छप्पन्न चिठ्ठ्यांपर्यंत कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही असं चाललं होतं. सत्तावन्नावी चिठ्ठी पंख्यासारखी दुमडलेली होती. आसावरीनं ती ओढून सरळ केली आणि वाचलं, “सदानंद.” उरलेल्या चारमध्ये दोन चारुलतेच्या निघाल्या, दोन सदानंदांच्या. एकतीस, तीस.

टाळ्या थांबल्यावर सदानंद तिच्याकडे आले. “वहिनी, गणपतीचं स्वयंपाकघर मात्र तुमच्याशिवाय नाही हं.”

“आणि बस?”

“इन्शाल्ला. जूनच्या सभेत ठराव मांडा ना, मतं घेऊ.”

परतताना सी रिंग रोडच्या सिग्नलला गाडी थांबली. मग हेमचंद्र म्हणाला, “तूच म्हणालीस, त्यांना द्या.”

“म्हणाले.”

“तिकडे नोकरी गेली असती तर तूच बोलली असतीस.”

“बोललेही असते,” ती म्हणाली. “हिरवा झालाय, चला.”

अल सद्दच्या फ्लॅटचं दार ज्ञानदानं उघडलं. “आई, डिड यू विन?”

“नाही. एका मतानं गेलं.”

“ओ नो. हूज?”

हेमचंद्र एसीचा रिमोट शोधायला आत गेला. चारुलतेनं साडीसुद्धा बदलली नाही. नव्या वर्षाचे फॉर्म सभेतच वाटले होते, ती पर्समधून आपला काढून डायनिंग टेबलाशी बसली. तिनं तो पेनानं भरला, फोटो काढला आणि आसावरीला पाठवला. दोन मिनिटांत आसावरीचा अंगठा आला. मग तिनं कुकर लावला.

जेवायला बसल्यावर तिनं आधी दोघांना वाढलं, मग स्वतःला.

“मंडळाचा फॉर्म पाठवलाय,” ती म्हणाली. “पहिलं नाव माझं आहे. बाबांचं दुसरं, ज्ञानदा तुझं तिसरं. जूनमध्ये बसच्या ठरावाला या घराचं मत मी टाकणार आहे.”