निळा संच आणि अर्धा किलो तुरडाळ

आमच्या मस्कतमधल्या दार्सैतच्या फ्लॅटमध्ये एकच कपाट कुलूपबंद असायचं, आणि त्यात पासपोर्ट नसायचे. पासपोर्ट, बायकोचे (मेधाचे) दागिने, मुलीची (इराची) प्रगतिपुस्तकं हा किरकोळ ऐवज पलंगाखालच्या बॅगेत. कुलपाआड होती ती माझी क्रिकेटची कार्डं. आमच्या लहानपणी च्युइंगगमच्या गोळीबरोबर खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं मिळायची, ती. माझ्याकडे खणाखणांच्या छोट्या आल्बमांत लावलेले त्यांचे तीन संच आहेत आणि ते मी ठाण्याहून मस्कतला हातातल्या बॅगेतून आणले होते. (कपडे मागाहून आले.)

मी संशयी आहे, असं मेधा म्हणते. तसं काही नाही. मी पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. नव्या कोऱ्या पाइपकडे दिवसभर ‘तू गळणार’ अशा नजरेनं बघत राहण्याचा मला पगार मिळतो. संध्याकाळी घरी आल्यावर ती नजर लगेच निवळत नाही, एवढंच.

तर या वर्षी इरा आठवीत गेली आणि कपाट तिला द्यायचं ठरलं. म्हणजे मेधानं ठरवलं. हुकूम असा निघाला की तीनपैकी एकच संच मस्कतमध्ये राहील, उरलेले दोन ठाण्याला माझ्या भावाकडे जातील. कुठला ठेवायचा ते मी ठरवायचं, आणि तेही शुक्रवारच्या आत, कारण शुक्रवारी सकाळी आमचा शेजारी सायमन लोपीस सुट्टीवर वसईला निघणार होता आणि त्यानं आम्हाला आपल्या विमानाच्या वजनमर्यादेतले तीन किलो देऊ केले होते.

इथंच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. आखातात राहिलेल्या माणसाला सांगायला नको की, इथं माणूस वेळ आली तर एक किडनी देईल, पण बॅगेतले किलो देणार नाही. एखादा गावाला निघाला की बिल्डिंगभर लोक त्याच्याशी अचानक गोड बोलायला लागतात, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात, आणि मग हळूच ‘अर्धा किलोचं पार्सल आहे हो’ म्हणतात. न मागता, आपण होऊन, हसत हसत तीन किलो देणारा माणूस मी चौदा वर्षांत पाहिला नव्हता.

त्यातून सायमनला माझ्या कार्डांची भारी गोडी. तो एका हॉटेलात केक आणि पेस्ट्रीच्या विभागात आहे. हाताची बोटं लोण्यासारखी मऊ. (अशा बोटांचा माणूस काहीही अलगद उचलू शकतो, हेही मी टिपून ठेवलं होतं.) महिन्यापूर्वी त्यानं माझा निळा संच बघायला मागितला आणि एका पानावर तो बराच वेळ अडकून बसला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, काही नाही. काही नसताना कोणी दोन मिनिटं एकाच पानाकडे बघत नाही.

पण आधी निवडीचं बोलू. पिवळा संच चोवीस कार्डांचा, पूर्ण. हिरवा तीस कार्डांचा, जाड पुठ्ठ्याचा, कडा अजून कोऱ्या. दिसायला तिघांत सगळ्यात देखणा. आणि निळा अठ्ठेचाळीस कार्डांचा, त्यातली सत्तेचाळीस. तेवीस नंबरचा यष्टिरक्षक मला कधीच मिळाला नाही. त्या एका यष्टिरक्षकापायी मी पाचवीत इतकं गम चघळलं की दोन दाढांत चांदी भरावी लागली. मग डॉक्टरांनी गोड बंद केलं आणि बाबांनी तोड काढली. ते ऑफिसातून येताना रोज एक गोळी आणायचे, गोळी स्वतः चघळायचे आणि कार्ड मला द्यायचे. पन्नाशीला टेकलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, स्वभावानं कडक माणूस जिन्यावरून गम चघळत यायचा. शेजारच्या बायका हसायच्या. सत्तेचाळीसपैकी एकतीस कार्डं बाबांनी चघळलेली आहेत.

त्यामुळे निवड कठीण नव्हती. तरी मी तक्ता केला: कडा, रंग, छपाई, पूर्णता, प्रत्येकाला दहापैकी गुण. हिरवा पहिला आला, निळा तिसरा. मी तक्ता फाडला आणि निळा ठेवला. बाबा जाऊन नऊ वर्षं झालीत आणि हा संच हरवला असता तर मला ते पुन्हा गेल्यासारखं झालं असतं. हे मी कुणाला बोललो नाही, हाच मुळात घोळ.

आता प्रश्न होता तो शुक्रवारपर्यंत लपवायचा कुठं. कपाट रिकामं केलेलं, आणि सायमन तर घरचाच असल्यासारखा ये-जा करणारा. बुधवारी तो चहाला येणार होता. मी बराच विचार करून ओमानी हलव्याचा एक रिकामा डबा घेतला. सोनेरी झाकणाचा, गोल. हलव्याकडे आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, कारण तो इतका येतो की आम्ही तो न उघडता पुढे पाठवतो. पण नुसती कार्डं ठेवली तर डबा हलका लागणार. चोरानं उचलून पाहिला की संपलं! म्हणून तळाशी पिशवीत बांधून अर्धा किलो तुरडाळ घातली, वर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला निळा संच, आणि झाकणाला नव्या डब्याला असतात तसे चिकटपट्टीचे दोन वेढे. काट्यावर ठेवून बघितलं. हलव्याच्या वजनात आठ ग्रॅमचा फरक. क्वालिटी कंट्रोलच्या माणसाला याहून काय हवं?

डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, रव्याच्या डब्यामागे ठेवला. तिथं आधीच मेधानं आणलेला खऱ्या हलव्याचा डबा होता, पण माझा मागं होता. रोज मी तो काढून, हलवून, कानाशी धरून परत ठेवत होतो.

बुधवारी सायमन आला. चहा झाल्यावर पाणी प्यायला स्वतः उठून स्वयंपाकघरात गेला. मी त्याच्या मागोमाग गेलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

“काय रे बापट?” तो म्हणाला.

“काही नाही, मलाही पाणी.”

“मग ग्लास घे ना.”

गुरुवारी संध्याकाळी आम्ही त्याच्याकडे सामान पोचवलं. मी पिवळा आणि हिरवा संच मोजून दिले, दोन प्रतींत यादी केली आणि त्याची सही घेतली. मेधाला इतकी लाज वाटली की तिनं पिशवीतून हलव्याचा डबा काढून पटकन त्याच्या हातात दिला. “आईंसाठी. तुम्ही एवढं नेताय आमचं.” मीच तो डबा त्याच्या बॅगेत नीट बसवला आणि चेन ओढायला जोर लागत होता म्हणून बॅगेवर बसलोसुद्धा.

शुक्रवारी सकाळी विमान गेलं. मेधा आणि इरा कृष्णमंदिरात गेल्या. मी निवांत मनानं फळीवरचा डबा काढला, हलवला. आवाज आला नाही. झाकणाच्या फटीतून केशराचा आणि गुलाबपाण्याचा वास आला. तुरडाळीला गुलाबपाण्याचा वास येत नाही, एवढं मला कळतं. उघडून पाहतो तर आत चकचकीत बदामी हलवा!

सगळ्या कड्या जुळत गेल्या. तीन किलो. ते दोन मिनिटं बघणं. ते पाणी. माझी पाठ वळल्याबरोबर त्यानं डबा बदलला असणार, आणि वर बदल्यात ताजा हलवा ठेवला, कारण हॉटेलातल्या माणसाला साहित्याचा तोटा नाही. (मी त्याच्या मागेच उभा होतो आणि माझी पाठ वळलीच नव्हती, हा मुद्दा तेव्हा मला सुचला नाही.) रागापेक्षा जास्त मला रडू येत होतं. मी फोन उचलला आणि सायमनला आवाजी निरोप पाठवला. सव्वाचार मिनिटांचा. त्यात विश्वासघात हा शब्द तीनदा आहे, मऊ बोटांचा उल्लेख आहे, आणि शेवटी ‘माझ्या बाबांचा निळा संच परत कर’ एवढं म्हणून माझा आवाज फुटला आहे.

मेधा दुपारी परत आली ती थेट स्वयंपाकघरात. उघडा डबा पाहून थबकली. “हा का फोडलास? हा तर सायमनच्या आईंना द्यायचा होता.”

“तो दिलास ना काल.”

“काल समोरचा उचलला मी. पण मग हा...” तिनं माझ्याकडे बघितलं. लग्नाला सोळा वर्षं झाली की काही वाक्यं पूर्ण करावी लागत नाहीत. “काय ठेवलं होतंस तू त्यात?”

रोज काढून, हलवून, परत ठेवताना मीच माझा डबा पुढे आणला होता. मी धावत जाऊन निरोप पुसायला घेतला, पण त्याच्यापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या. ऐकून झाला होता.

कोणी ऐकला होता ते पाच मिनिटांत कळलं. सायमनच्या नंबरावरून फोन आला, पण आवाज बाईंचा. सायमनच्या आई वसईच्या मराठी शाळेत शिकवायच्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली असली तरी आवाज अजून वर्गातच होता. विमानतळावरून येताना गाडीत सायमननं माझा निरोप मोठ्यानं लावला होता. बाईंनी तो शांतपणे पूर्ण ऐकला. घरी आल्या आल्या म्हणाल्या, बॅग उघड. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं की हलवा सोडून आत काही नाही. बाईंनी डबा फोडला. वर निळा संच, खाली तुरडाळ.

“बापट ना? मी सायमनची आई. चाळीस वर्षं लोकांची मुलं सरळ केली मी. माझा मुलगा अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि आत्ता माझ्यासमोर कोपऱ्यात उभा आहे. त्याला जेवायला वाढू की नको, ते तुम्ही सांगा.”

मी नकळत सोफ्यावरून उठून उभा राहिलो. म्हणालो, “बाई, त्याची चूक नाही. तो डबा मी...”

“पूर्ण वाक्यात सांगा.”

मग मी पूर्ण वाक्यांत सगळं सांगितलं. मी माझ्या शेजाऱ्यावर विनाकारण संशय घेतला. मी कार्डं हलव्याच्या डब्यात लपवली. मी वजनासाठी तुरडाळ घातली. मी स्वतः बॅगेवर बसून तो डबा त्याच्याकडे पाठवला. इरा दारात उभं राहून ऐकत होती. मराठीच्या पेपरात तिला पाच ओळी लिहिता येत नाहीत, पण यातला शब्दन्‌शब्द तिला कळला आणि त्याच संध्याकाळी तो तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलींपर्यंत इंग्रजीत पोचला.

पुढचा महिना मी फार वाईट काढला. कार्डं सुखरूप होती, पण आता ती मिळण्याची गोडी राहिली नव्हती. सायमनला मी चार वेळा ‘सॉरी’ लिहिलं. त्यानं उत्तरात अंगठा पाठवला. अंगठ्यावरून माणूस रागावलाय की नाही हे काही केल्या कळत नाही. मी तो मोठा करूनही पाहिला.

सायमन परतला त्या संध्याकाळी तो स्वतःच आला. हातात तोच डबा. मी पाठ केलेली माफी सुरू केली तर त्यानं हात वर केला. “राहू दे रे. आईनं माझ्यावर संशय घेतला, तिथं तू कोण?” मग खुर्चीत बसला आणि म्हणाला, “त्या दिवशी मी तेवीस नंबरच्या रिकाम्या खणाकडे बघत होतो. मला आठवत होतं की तो कीपर माझ्याकडे आहे, घरी, शाळेतल्या कंपासपेटीत. म्हणून तर किलो दिले तुला. वाटलं, तू निळा पाठवशील, मी तो गुपचूप भरीन आणि तुझ्या भावाला पूर्ण संच देईन. तू पाठवलेस पिवळा न् हिरवा, सही घेऊन.”

मी डबा उघडला. निळा संच, आणि तेविसाव्या खणात यष्टिरक्षक. एक कोपरा दुमडलेला, मिशीवर शाईचा डाग, पण तोच. मला बाबा आठवले, जिन्यावरून गालात गोळी घेऊन येणारे, आणि मी सायमनसमोर सरळ रडलो. त्यानं त्या मऊ हातानं माझ्या पाठीवर थोपटलं. मेधानं चहा टाकला आणि फोडलेल्या डब्यातला हलवा बशीत वाढला. सगळ्यांनी पहिल्यांदाच खाल्ला, बरा होता.

सायमन गेल्यावर डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी सापडली. अक्षर फळ्यावर असतं तसं ठसठशीत. ‘एकूण अठ्ठेचाळीस. तुमची सत्तेचाळीस, सायमनचं एक. तुम्ही मोजणारच, म्हणून मी आधीच मोजून पाठवत आहे. तुरडाळ वापरली. छान शिजते.’

ही चिठ्ठी मला फार लागली. एवढं सगळं झाल्यावरही मी मोजीन, असं बाईंना वाटावं? माणूस चुकतो आणि चुकीतून शिकतो. मी निश्चय केला की या कार्डांना मोजण्यासाठी बोट लावायचं नाही, आणि लावलं नाही.

इराला मोजायला लावली, दोनदा. सायमनची सही असलेली यादी फाडून टाकायची असंही मी ठरवलं आहे. भावाकडून पिवळा आणि हिरवा मोजून बरोबर भरल्याचं कळलं की लगेच.