कुलपाची पट्टी

आमच्या नगरपरिषदेत दोन गोष्टी वेळेवर उचलल्या जात नाहीत, कचरा आणि किस्से. दोन्ही कोपऱ्याकोपऱ्यात साठत जातात. कचऱ्यासाठी निदान घंटागाडी तरी आहे, भले ती पोळ्याला येऊन गेली की एकदम दिवाळीलाच दिसो. किस्से मात्र मलाच घरी न्यावे लागतात. संध्याकाळी चहा घेताना नवऱ्याला सांगते. तो हसतो. मी म्हणते, "यात हसण्यासारखं काय आहे?" आणि मग मलाच हसू येतं. नोकरीभर हेच चाललंय.

मी कर विभागात लिपिक आहे. गावाचं नाव सांगत नाही. येडशी स्टेशनावर उतरलात तर एस.टी. मिळते, आणि एस.टी. मिळालीच तर आम्ही सापडतो, एवढं पुरे. नाव सांगितलं तर मला 'कारणे दाखवा' नोटीस निघायची, आणि ती टाइप करायलाही मलाच बसवतील!

*

गफूरभाई आमचे वसुली शिपाई. माणूस देवभोळा, आणि काम लोकांचे नळ तोडायचं. एकदा पान्हा घेऊन एका आजीच्या दारात उभे राहिले.

"आजी, पाणीपट्टी थकली. नळ तोडायला आलोय."

आजी ज्वारी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "तोड की बाबा. पर पानी यील त्या दिशी ये. न्हायतर ह्यो नळ हाय का खुटी हाय, तुला बी कळायचं न्हाय."

"येतं की आजी, आठ-पंधरा दिसाला."

"येतं की. पर पयलं अर्धा तास निस्ती हवा येती. आमची लेकरं त्याच्यावर फुगं फुगवतेत. का रं दादा, त्या हवेची पट्टी येगळी अस्ती, का ह्याच्यातच धरलीया?"

गफूरभाई पान्हा तसाच घेऊन परत आले आणि माझ्या टेबलापाशी उभे राहून अगदी गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, हवेचा रेट है क्या अपने पास?"

मी म्हटलं, "हळू बोला! साहेबांनी ऐकलं तर पुढच्या सभेत लावतील."

*

गुरुवारी आमचा आठवडी बाजार असतो. तो ऑफिसच्या भिंतीला लागूनच भरतो, आणि माझ्या खिडकीखाली सुंद्राबाई बसतात. मेथी, चुका, शेपू, कधी गवार. सकाळी पहिल्या जीपनं खेड्यावरून येतात आणि दिवेलागणीला जातात. बसायच्या जागेची फी गफूरभाई गोळा करतात.

एका उन्हाळ्यात सुंद्राबाईंचे ओठ सुकून पांढरे पडलेले दिसले. मी खिडकीतून पाण्याची बाटली पुढं केली, तर त्यांनी हात जोडले.

"नगं ताई. बाजारच्या दिशी पाणी पीत न्हाय म्या."

"उपास आहे का?"

"उपास कशाचा! पाणी प्यालं की जावं लागतंय. आन जायाचं कुठं? बापय मान्सं भिताडाला उभारतेत. आमी काय करावं?"

इतकी वर्षं ती बाई माझ्या खिडकीखाली बसत होती आणि माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी त्यांना उठवलं आणि आमच्या ऑफिसच्या बाथरूममध्ये नेऊन आणलं. पुढच्या गुरुवारी माझ्या टेबलासमोर बाजारातल्या बायकांची रांग लागली! साहेब, म्हणजे आमचे मुख्याधिकारी, केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "हे ऑफिस आहे की स्टँड?"

दुपारी परिपत्रक निघालं, कार्यालयातील स्वच्छतागृह फक्त कर्मचाऱ्यांसाठी. टाइप मीच केलं. दारावर चिकटवताना सुंद्राबाईंनी विचारलं, "काय लिवलंय ताई?" मी सांगितलं. त्या जराही रागावल्या नाहीत.

"मंग ती बाटली आत ठिवा," एवढंच म्हणाल्या.

*

थकबाकीदारांच्या दारात हलगी वाजवायची, अशी एक टूम मध्यंतरी निघाली. चारचौघांत लाज वाटली की लोक मुकाट्यानं पैसे भरतील, असा साहेबांचा अंदाज. आता लाजेवर चालणारी योजना आमच्या ऑफिसनं काढावी, हेच आधी नवल!

पहिल्याच घरी आदल्या दिवशी साखरपुडा झालेला, पाहुणे अजून मुक्कामी होते. हलगी वाजली तशी सगळी मंडळी बाहेर आली. मुलीचा मामा मनसोक्त नाचला, हलगीवाल्यांवर नोट ओवाळून टाकली आणि गफूरभाईंना बुंदी खायला बसवलं. बुंदी खाल्ल्यावर पट्टी मागायची कशी? गफूरभाई तसेच परत आले.

हलगीवाल्यांचं बिल लेखा विभागात गेलं. तिथून शेरा आला, 'तरतूद नाही.' पुन्हा पाठवलं, पुन्हा तोच शेरा. एके दिवशी ऑफिस उघडायला आणि खाली दणक्यात हलगी सुरू व्हायला एकच गाठ पडली. साहेब गॅलरीत आले. वाजवणारे तेच, ताल तोच, पण आमच्याच पायरीवर!

साहेबांनी वरून विचारलं, "गफूर, आज कुणाची वसुली?"

गफूरभाई खालून ओरडले, "साहेब, अपनीच!"

*

बायकांचं काम मात्र मी सोडलं नाही. अर्ज लिहिला, बाजारातल्या बायकांचे अंगठे घेतले आणि विषय सर्वसाधारण सभेत नेला. बाजारात महिलांसाठी स्वच्छतागृह बांधणे.

सभा रंगली. जागा कुठली, यावर कुणाचा आक्षेप नव्हता. वाद झाला तो बोर्डावर. नाव कुणाचं द्यायचं? एरवी चौकाला, कमानीला, पाण्याच्या टाकीला आपल्या आजोबांचं नाव द्या म्हणून हमरीतुमरीवर येणारी ही मंडळी, पण संडासाला आजोबा द्यायला कुणी तयार होईना. शेवटी ठरलं, नाव कुणाचंच नको, फक्त 'यांच्या संकल्पनेतून' असं लिहायचं. झालं! ती संकल्पना आपलीच, असं सांगायला निम्मं सभागृह उभं राहिलं. कुणाचा फोटो मोठा आणि कुणाचा बारका, यावर जेवणाची सुट्टी झाली.

सुट्टीनंतर एका नगरसेविकेनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आत संडास किती हायती?"

सगळ्यांनी इंजिनिअरकडं बघितलं.

इंजिनिअर म्हणाले, "बोर्डाची साइज फायनल होऊ द्या. उरलेल्या जागेत बसवतो."

*

बांधकाम झालं, हे मात्र खरं. गुलाबी रंग, पांढऱ्या फरश्या, वर झरोका, बाहेर बोर्ड. आणि दाराला कुलूप. का, तर उद्घाटन व्हायचंय आणि मोठ्या पाहुण्यांची तारीख मिळत नाही. तारीख मिळाली तेव्हा आचारसंहिता लागली. आचारसंहिता संपली तोवर सभागृहाची मुदत संपली आणि निवडणुकाच लांबल्या. साहेबच प्रशासक झाले. विषय मांडणारे तेच, अनुमोदन देणारे तेच, टाळ्या वाजवणारेही तेच.

त्यांनी एकट्यानं एक ठराव मंजूर केला. बाजारात सुविधा झालेली असल्यामुळं प्रत्येक जागेवर स्वच्छता शुल्क!

गफूरभाई सुंद्राबाईंपुढं उभे राहिले. नेहमीच्या पावतीसोबत दुसरी पावती फाडली.

"ही कशाची आनि?"

गफूरभाईंनी गुलाबी इमारतीकडं बोट केलं.

"उघडलंय व्हय?"

"नाही अजून. कुलूप है."

"मंग ही कुलपाची पट्टी म्हना की!"

आसपासच्या सगळ्या बायका हसल्या. हसता हसता पदराच्या गाठी सोडल्या आणि पैसे दिले. तेव्हापासून बाजारात त्या पावतीला तेच नाव पडलं. गफूरभाई दिसले की बायका एकमेकींना हाका मारतात, "आला गं, कुलपाची पट्टी काढून ठिवा."

त्या पावसाळ्यात सुंद्राबाई सलग तीन बाजार आल्या नाहीत. आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. मुतखडा झाला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं.

"मग पिताय ना?" मी विचारलं.

"पिते की. डॉक्टरला इचारून घेतलंय म्या. म्हणलं, तेवढा गुरवार सोडून पिलं तर चालंल का?"

मला पुढचं काम सुचेना. खिडकी लावून घेतली.

*

मार्चमध्ये आमच्याकडं वसुलीची लाट येते. साहेबांनी फर्मान काढलं, जास्त थकबाकी असेल त्यांचे नळ तोडा, कुणाचीही गय नको, फोन आला तरी ऐकायचा नाही. खाली सही, शिक्का. कॉम्प्युटरमधून यादी निघाली. वरच्याच नावांत एक नाव होतं, 'मुख्याधिकारी, महिला स्वच्छतागृह, बाजार तळ.'

गफूरभाई माझ्याकडं बघायला लागले. "मॅडम, क्या करते? हुकूम तो साहबकाच है."

"मग तोडा," मी म्हटलं. मला वाटलं, यामुळं तरी साहेबांचं तिकडं लक्ष जाईल.

लक्ष गेलं. साहेब खवळले, "जोडा परत!" पण पाणीपुरवठ्याचे क्लार्क नियमाला पक्के. म्हणाले, साहेब, अर्जाशिवाय जोडता येत नाही. अर्ज मालकानं करायचा. मालक म्हणजे मुख्याधिकारी. अर्ज कुणाकडं करायचा? मुख्याधिकाऱ्यांकडं.

देवाशपथ सांगते, ती दोन्ही पत्रं मी टाइप केलीत. पहिल्या पत्रात साहेबांनी साहेबांना विनंती केली की नळजोडणी पूर्ववत करून सहकार्य करावे. चार दिवसांनी साहेबांनी साहेबांना कळवलं की आपल्या अर्जासोबत थकबाकी नसल्याचा दाखला जोडलेला नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. दाखला कोण देतं? तेच! पण थकबाकी असताना दाखला कसा देणार? चुकीच्या दाखल्यावर सही करणारे ते नव्हते.

सह्या झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि मला म्हणाले, "काय करणार मॅडम, समोरचा माणूस ऐकतच नाही."

*

आता शेवटचा.

तारीख एकदाची मिळाली, आणि ती नेमकी गुरुवारची. बाजार तळावर मांडव पडला. सुंद्राबाईंना ओवाळायला उभं केलं, कारण पाहुण्यांसोबतच्या फोटोत बाजारातली बाई पाहिजे होती. बिचारीनं नवं लुगडं नेसलं होतं. पाहुणे आले, फीत कापली, दार उघडलं, उंबऱ्यातूनच आत बघितलं, म्हणाले, "वा!" नळ सोडून बघायची कुणाला गरज वाटली नाही, ते बरंच झालं. मग सगळी गर्दी भाषणासाठी मांडवात गेली. महिलांचा सन्मान या विषयावर पाहुणे पुष्कळ बोलले.

भाषण संपलं तसं साहेबांनी आपल्या केबिनच्या शिपायाला खूण केली. चालवायचा ठेका अजून कुणाला दिलेला नव्हता. फरश्या घाण झाल्या तर जबाबदार कोण? शिपायानं दार ओढून कुलूप घातलं आणि किल्ली साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती खिशात टाकली, पाहुण्यांच्या गाडीत बसले आणि जेवायला येडशीच्या दिशेनं निघून गेले.

थोड्या वेळानं शेजारची कांदेवाली माझ्या खिडकीशी आली. "ताई, सुंद्राबाई कुठं हाय? तिची भाजी तशीच पडलीया."

ओवाळणीचं ताट गुलाबी इमारतीच्या पायरीवर होतं.

मी ऑफिसातून बाहेर कशी धावले मला आठवत नाही. गफूरभाईंनी दारावर थाप मारली. आतून आवाज आला, "हाय म्या, हाय." मी साहेबांना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. शिपायाला लावला, तोही गाडीच्या मागं गेलेला. कुणी म्हणालं कुलूप फोडा, तर पाणीपुरवठ्याचे क्लार्क म्हणाले, शासकीय मालमत्ता आहे. मी त्यांच्या अंगावर ओरडले. बाजार उठून तिथं गोळा झाला होता. आत अंधार, त्यात या बाईचं दुखणं. गफूरभाई कुठून तरी स्टूल घेऊन आले. मी त्यावर चढले आणि झरोक्याला तोंड लावलं.

"सुंद्राबाई, घाबरू नका! किल्ली आणायला माणूस पाठवतेय. उशीर लागेल जरा, पण घाबरू नका!"

"घाबरले न्हाय म्या, ताई," त्या आतून म्हणाल्या. आवाज अगदी निवांत होता. "येऊ द्या सावकाश. तेवढी ती तुमची बाटली द्या हितनं. आज पिते."