बाहीच्या कागदावरचे आकडे

शिलाई मशीनवर जुनी चादर पडून दोन आठवडे होत आले होते, आणि थोरली रोज त्या चादरीकडे पाठ करून अभ्यासाला बसत होती.

घरात दोन जावा. थोरली एका गुंतवणुकीच्या ऑफिसात चौदा वर्षं काउंटरवर. लोक साठवलेले पैसे घेऊन यायचे, ही फॉर्म तपासायची, सही राहिली असेल तिथे पेनाची फुली मारून द्यायची आणि त्यांना आतल्या काचेच्या केबिनकडे पाठवायची. पैसे कुठे लावायचे ते सांगायचं आतल्या सल्लागारांनी, कारण परवाना त्यांच्याकडे. ते आता निवृत्त होत होते. साहेब म्हणाले, परवान्याची परीक्षा पास व्हा, खुर्ची तुमची. शंभरात साठ हवेत. अभ्यासाला म्हणून महिनाभर दुपारनंतर सुट्टीही दिली.

सरावाच्या पुस्तकात पाच पेपर होते. पहिल्यात शेहेचाळीस पडले, दुसऱ्यात एक्कावन्न, तिसऱ्यात चव्वेचाळीस. धाकटी घरीच शिवणकाम करायची. तिने शर्टाची बाही बेतायचा खाकी कागद भिंतीला टाचला होता आणि त्यावर शिवणाच्या खडूने ती हे मार्क लिहायची. चव्वेचाळीस लिहून झाल्यावर तिने खडू मशीनवर ठेवला. मग म्हणाली, दोष या मशीनचा आहे. कानाशी सतत खडखड, माणसाच्या डोक्यात राहणार काय? दुसऱ्याच दिवशी शाळेच्या चाळीस शर्टांचं काम तिने परत केलं. थोरली "अगं, नको" म्हणाली, पण एकदाच. तेही कापडाचा गठ्ठा दाराबाहेर गेल्यावर.

त्या शांततेत ती चौथा पेपर घेऊन बसली आणि तिचा हातच चालेना. यातही चाळीस पडले तर? मशीन तर बंद. आता दोष कुणाला द्यायचा? तिने पानं मागे उलटली आणि तिसराच पेपर पुन्हा सोडवला. त्रेसष्ट पडले.

तसं बघितलं तर यात वाईट काहीच नव्हतं. सोडवलेला पेपर माणूस पुन्हा सोडवतोच. पण संध्याकाळी धाकटीने किती पडले विचारलं, आणि ही नुसतं त्रेसष्ट म्हणाली. कुठला पेपर, हे तिने विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. धाकटीने तो आकडा इतरांच्या दुप्पट मोठा काढला.

मग एकाहत्तर. मग एकोणऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी. सगळे तिसऱ्याच पेपरचे. प्रश्न तिला आता चेहऱ्याने ओळखू यायला लागले होते: लांबलचक दोन ओळींचा तो ब, टक्केवारीचा तो ड. दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, विजेची कामं करायचा. जेवताना तो म्हणायचा, वहिनी, केबिनमध्ये बसलात की ओळख विसरू नका, निदान पंखा बिघडवून बोलवत जा. सगळे हसायचे. थोरली नुसतीच भात कालवत राहायची. भाजी वाढणाऱ्या धाकटीच्या बोटावर सुईने पडलेला घट्टा होता, तो दिवसेंदिवस मऊ पडत चालला होता. ते फक्त हिलाच दिसत होतं.

परीक्षेला दहा दिवस उरले, त्या दुपारी धाकटी हात पुसत आली आणि पुस्तक उचलून म्हणाली, आज मी विचारते. पान तिसऱ्या पेपरचंच उघडलं. दुसरं उघडणार तरी कुठलं, पुस्तक तिथेच दुमडलेलं होतं.

"प्रश्न सत्तावीस. एक निवृत्त बाई आहे. तिला दोन वर्षांनी ऑपरेशनसाठी..."

"क."

धाकटीने वर पाहिलं. "ताई, मी अजून पर्याय वाचलेच नाहीत."

थोरलीने पुस्तक घ्यायला हात पुढे केला, पण धाकटीने ते दिलं नाही.

"क म्हणजे काय?"

थोरलीला खरंच आठवेना.

"मग उद्या ती बाई तुमच्यासमोर येऊन बसली, तर तिला काय सांगणार? क?"

तेव्हा थोरलीने सगळं सांगितलं. मान खाली घालून, ऑफिसात चुकलेला फॉर्म साहेबांपुढे ठेवावा तसं. चौथा आणि पाचवा पेपर कोरे आहेत, भिंतीवरचे चारही मोठे आकडे एकाच पेपरचे आहेत.

धाकटी रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, मशीनवरची चादर काढली, नीट घडी घातली.

"चाळीस शर्ट होते, ताई," ती म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी थोरलीने चौथा पेपर सोडवला. एकोणपन्नास. मोठे आकडे फडक्याने पुसून तिने स्वतः खडूने तो लिहिला. धाकटीने शेजारणीचा पडदा शिवता शिवता पाहिलं आणि मग एक शिवणकामाचीच गोष्ट सांगितली: बाही बसली नाही तर आपण अख्खा शर्ट पुन्हा शिवत नाही, ती शिवण उसवायची, कापड कुठे ओढलं गेलं ते बघायचं.

मग थोरलीने वही केली. चुकलेले एक्कावन्न प्रश्न, आणि प्रत्येकापुढे, आपण चुकीचं उत्तर का धरलं. त्यातले निम्मे तिने पूर्ण वाचलेच नव्हते. अर्ध्या ओळीवर उत्तराकडे धावली होती. रोज दुपारी ती एकेक प्रश्न धाकटीला समजावायची, तेही मशीनच्या आवाजावर आवाज चढवून. तिसऱ्या पेपरातला सत्तावीसही समजावला: त्या बाईला दोनच वर्षांनी पैसे लागणार, बाजार पडला तर सावरायला तिच्याकडे वेळ नाही, म्हणून चढउताराच्या जागी तिचे पैसे लावायचे नाहीत. धाकटीने पाय थांबवला. "हे कळलं," म्हणाली आणि पुन्हा मशीन चालू केलं.

परीक्षेच्या तीन दिवस आधी पाचवा पेपर. अठ्ठावन्न.

"पहिल्यांदाच सोडवलेला?" धाकटीने विचारलं.

"पहिल्यांदाच."

"मग लिहा."

थोरली लिहीत होती तेव्हा खिडकीखालून शाळा सुटलेली मुलं चालली होती, नव्या शर्टांत, दुसऱ्या कुणीतरी शिवलेल्या. धाकटी जरा वाकली, बघत राहिली.

"कॉलर बसलेली नाही," ती म्हणाली.

थोरलीने खडू ठेवला आणि अठ्ठावन्नातल्या चुकांसाठी वहीचं नवं पान उघडलं. त्या खिडकीकडे काही तिला बघवलं नाही.