निळ्या फोनकडं पाठ

थांबा, आधी हा चहा संपवू द्या. हा किस्सा सांगताना पुढ्यात भरलेला कप ठेवायचा नाही, असं मी ठरवून टाकलंय. का, ते शेवटी कळेलच. आणि हसू आलं तर दाबू नका हो! आमचं गाव हसलं, लोह्याचा बाजार हसला, मग तुम्हीच काय घोडं मारलंय?

तर मी गोविंद. लोह्याजवळ गाव, थोडी शेती, दोन बैल, एक गाय. शिक्षण बेताचं, पण एका विषयात मी स्वतःला प्रोफेसर समजतो. बैलाची पारख! आसपासच्या गावांत कुणाला बैल घ्यायचा असला की आधी मला चहा पाजतात आणि मग बाजारात नेतात.

दात बघणं, खूर बघणं, चालवून बघणं, हे काय कुणालाही येतं. खरी विद्या त्याच्या पुढं आहे. जो बैल मनात भरला, त्याच्याकडं बघायचंच नाही! त्याच्याकडं चक्क पाठ करून उभं राहायचं. शेजारच्या मरतुकड्या बैलाचं तोंड भरून कौतुक करायचं आणि आपल्या मनातल्या बैलाला जाता जाता नावं ठेवायची. "शिंगं बरी हायेत, पण चालीत दम न्हाई." मालक आधी चिडतो, मग खचतो, मग भाव खाली येतो. मग आमचे दलाल रशीदभाई हातावर रुमाल टाकतात. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, बैलावर गुलाल पडतो आणि सौदा पक्का. गुलाल पडल्यावर जो मागं फिरला, त्याला बाजारात पुन्हा कुणी उभं करत नाही.

एवढी मोठी विद्या घेऊन मी नांदेडला मोबाइल घ्यायला गेलो.

आता तुम्ही म्हणाल, बैलवाल्याला मोबाइल कशाला? तर माझी लेक, प्रतीक्षा, नर्सिंग शिकायला लातूरला गेली. एकुलती एक. खरं सांगतो, ती गेल्यापासून घर खायला उठायचं. जेवताना तिच्या जागेकडं नजर जायची आणि घास तोंडात फिरत राहायचा. माझ्याकडं होता बटणांचा जुना फोन. त्यातून आवाज यायचा, पण आवाजावरून काय कळतं? "जेवलीस का?" "हाव बाबा." आता ती खरंच जेवली का होस्टेलात वाळून चालली, हे बघायचं कसं?

मग तीच म्हणाली, "बाबा, माझ्या मैत्रिणीच्या बाबांकडं एक निळा फोन हाय. आपल्याला परवडंल असा हाय. तोच घ्या. रविवारी सांजच्याला मी व्हिडिओ कॉल करते. मला तुम्हाला बघायचं हाय."

मला तुम्हाला बघायचं हाय! एवढं ऐकल्यावर मी रविवारची वाट कशी बघितली असेल, ते लेकीच्या बापांनाच कळेल.

निघताना आमची सुमन म्हणाली, "आवं, जावा, तो निळा मागा, पैशे द्या अन् या."

मी हसलो. "सुमन, आल्या आल्या मनातलं सांगितलं तर भाव चढतो. तुला बाजारातलं काय कळतंय?"

"मला दुकानातलं कळतंय," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

माझ्यासोबत रशीदभाई होते. सौद्याला आम्ही कधी एकटे जात नाही. दुकान मोठं, काचेचं, आत थंडगार. आत पाऊल टाकलं आणि मधल्या कपाटात निळा फोन दिसला. काय सांगू, काय रूप! अंगावर नुसती झळाळी. माझं काळीज तिथंच अडकलं. मी रशीदभाईंना कोपरानं ढोसलं, त्यांनी मान हलवली आणि आम्ही दोघांनी एकदमच त्या फोनकडं पाठ केली.

"या काका, काय दाखवू?" दुकानातल्या बाईंनी विचारलं. कविता नाव होतं त्यांचं, छातीवर लावलेलं होतं. बोलायला गोड, आणि समोरचा बोलतो त्यावर विश्वास ठेवायची वाईट सवय.

मी कोपऱ्यात बघितलं. तिथं एक बटणांचा फोन पडला होता. मोठमोठी बटणं, मागं बॅटरीचा दिवा, म्हाताऱ्या माणसांसाठी काढलेला. आमच्या बाजारात ह्याला कुणी खोकड, म्हणजे थकलेला म्हातारा बैलसुद्धा म्हणालं नसतं. मी तोच उचलला.

"वा! काय बांधा हाय! हातात घेतल्यावर वजन कळतंय, रशीदभाई."

"हौ ना! क्या मजबूत चीज है," रशीदभाई म्हणाले.

"काका, तुम्हाला व्हिडिओ कॉल वगैरे करायचा आहे का?" कविताबाईंनी विचारलं.

"छ्या! ते कुणाला पाहिजे?" मी म्हणालो. तोंडानं म्हणालो हो, मनात लेकीचं 'मला तुम्हाला बघायचं हाय' घुमत होतं. पण चेहऱ्यावर येऊ दिलं तर मी गोविंद कसला?

आता निळ्याला नावं ठेवायची वेळ आली. मी खांद्यावरून अंगठा मागं करून म्हणालो, "आन् तो निळा मागं काय ठेवला हाय? नुसतं वरून चमकून राहिला. आतून कच्चा असणार. असल्याला आम्ही दारात बी उभं करत न्हाई."

झालं. आता मालकपक्ष चिडणार. 'असं कसं म्हणता काका, बघा तरी' म्हणत निळा माझ्या हातात देणार. मी तोंड वाकडं करणार. भाव उतरणार. मी तयारीत उभा राहिलो.

कविताबाई म्हणाल्या, "बरोबर आहे काका. तुम्हाला तो अवघडच जाईल. हाच घ्या, हा छान आहे."

मी रशीदभाईंकडं बघितलं. रशीदभाईंनी माझ्याकडं. आमच्या उभ्या आयुष्यात कुणी स्वतःचा माल असा वाऱ्यावर सोडला नव्हता! ही बाई बाजारात उभी राहिली असती तर सगळे बैल दुपारच्या आत फुकट गेले असते.

"पक्की है," रशीदभाई माझ्या कानात म्हणाले. "बहुत पक्की खिलाडी है. बाहर चलो."

हा आमचा पुढचा डाव. रुसून निघून जायचं. दहा पावलं गेलो की मालक धोतर सावरत मागं पळत येतो. आम्ही तरातरा बाहेर पडलो आणि उन्हात उभे राहिलो. मागं बघायचं नसतं, म्हणून समोरच्या मेडिकलच्या काचेत बघत होतो. कुणी येईना. ऊन डोक्यावर तापलं. रसवंतीवाला दोनदा विचारून गेला. तरी कुणी येईना!

"पाणी प्यायला म्हणून आत जाऊ," मी म्हणालो. "त्यात कमीपणा न्हाई."

आत गेलो तर कविताबाईंचा चेहरा फुलला. "मला वाटलंच होतं काका, तुम्ही परत येणार! तुमचा जीव अडकलाय त्या बटणांच्या फोनमध्ये. मी मालकांशी बोलून ठेवलंय, तुम्हाला भाव कमी करून दिलाय."

आता सांगा, ह्यावर माणसानं काय बोलावं? घासाघीस न करता भाव कमी! मी तोंड उघडणार, तेवढ्यात रशीदभाईंना वाटलं की सौद्याची वेळ झाली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, हातावर टाकला आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकापुढं हात केला. रुमालाखालचा भाव निळ्याचा होता. पण मालकाला काय माहीत? त्यानं घाबरून विचारलं, "चाचा, हाताला काय लागलं?" आणि खालून मलमपट्टीचा डबा काढला. रशीदभाईंनी रुमालाखाली त्याची दोन बोटं धरून अशी दाबली, की तो मालक खुर्चीतून अर्धा उठला. "आई गं! चाचा, सोडा! आणखी कमी करतो, पण सोडा!"

आणि तेवढ्या वेळात कविताबाईंनी काय केलं असेल? बटणांच्या फोनचं खोकं समोर ठेवलं, वर कुंकवाचं बोट लावलं, माझ्या हातात पेढा दिला.

लाल कुंकू! मी गार पडलो. रशीदभाईंनी मालकाची बोटं सोडली.

"गोविंदराव," ते हळू आवाजात म्हणाले, "अब कुछ नहीं होता. गुलाल गिर गया."

तुम्ही म्हणाल, अरे बाबा, तोंडानं सांगायचं होतंस, मला हा नको, तो निळा पाहिजे! बोलणं सोपं असतं. गुलाल पडलेला सौदा ह्या गोविंदानं आजवर मोडला नव्हता. वर त्यांनी माझा फोटो काढला. हातात खोकं, तोंडात पेढा, चेहऱ्यावर मयताला आल्यासारखे भाव.

बसमध्ये रशीदभाईंनी मला धीर द्यायचा प्रयत्न केला. "ऐसा समझो, घर में एक बटनवाला था, अब दूसरा आ गया. जोडी बन गई."

रविवार उजाडला. सुमनला मी काही दाखवलं नव्हतं. 'संध्याकाळी बघ' एवढंच म्हणालो होतो. का? तर माझी अशी आशा, की एखाद्या बटणात चेहरा दिसायची सोय असेलच. मी सगळी बटणं दाबून बघितली. प्रत्येक बटण दाबलं की आतली बाई मोठ्यानं आकडा ओरडायची, म्हणून गोठ्यात जाऊन दाबली. गाय दाव्याला हिसके द्यायला लागली, पण चेहरा काही दिसला नाही.

संध्याकाळी सुमननं ठेवणीतलं लुगडं नेसलं, मी इस्त्रीचा सदरा घातला. फोन वाजला. मी उचलला.

"बाबा! फोन घेतला ना? माझा व्हिडिओ कॉल लागंना झालाय. कॅमेरा चालू करा की."

मी काय केलं असेल? मी मागचा बॅटरीचा दिवा लावला आणि स्वतःच्या तोंडावर धरला. "दिसतोय का गं?"

पलीकडून हळू आवाजात, "बाबा, तुम्ही निळा घेतला न्हाई?"

तिच्या आवाजात राग असता तर मी निभावून नेलं असतं. राग नव्हता. ती हिरमुसली होती. सगळ्या मैत्रिणींचे आईबाप त्या संध्याकाळी फोनमध्ये दिसले होते, आणि माझी पोरगी भिंतीकडं बघत माझा नुसता आवाज ऐकत बसली होती. मला फार वाईट वाटलं. माझी ती सगळी विद्या नेऊन उकिरड्यावर टाकावी असं वाटलं.

सुमननं दिव्याच्या उजेडातलं माझं तोंड बघितलं, फोन बघितला आणि एवढंच म्हणाली, "सकाळी मी येते संगं."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात तिनं मला थांबवलं. "तुम्ही हितंच थांबा. आत बघू नका, बोलू नका, पाठ बी करू नका." बटणांचा फोन स्वस्तातला होता म्हणून पैसे बरेच उरले होते, कमी पडले ते तिनं दुधाच्या पैशातून घातले. मी काचेतून बघत होतो. ती आत गेली. निळ्याकडं बोट केलं. कविताबाईंनी काढून दिला. झालं! उन्हात उभं राहणं नाही, रुमाल नाही, काही नाही. रसवंतीवाला मला ओळखून जवळ यायच्या आत ती बाहेरसुद्धा आली होती.

त्याच संध्याकाळी फोन वाजला आणि निळ्या फोनात माझी प्रतीक्षा दिसली. केस ओले, गाल जरा बसलेले, पण हसत होती. "बाबा! दिसून राहिले तुम्ही!"

आणि मी काय केलं? मी पाठ केली. अहो, डोळ्याला पाणी आलं, ते लेकीला कसं दाखवायचं?

"बाबा, इकडं बघा ना!"

"न्हाई बघायचे," सुमन मागून म्हणाली. चहाचे कप ठेवून ती फोनपुढं बसली होती. "त्येंच्या मनात काय भरलं ना, की असेच पाठ करतात. मला बघायला माझ्या माहेरी, शिरूर अनंतपाळला आले, तवा बी माझ्याकडं पाठ करून बसले होते. अन् दारातल्या गाईचं कौतुक! काय कास, काय डोळे! माझ्या बापाला वाटलं, पाव्हणे गाय घ्यायला आलेत. दावं सोडून हातात बी दिलं होतं. मी आतून वरडले, 'पाव्हणे, मला बघायचं हाय का गाईला?' म्हणून लगीन झालं. न्हाई तर गाय घेऊन गेले असते!"

पोरगी लातूरला हसून हसून कॉटवर आडवी झाली. आता नवरा माणूस म्हणून मला काहीतरी बोलणं भाग होतं. आणि मनात काय होतं, ते तुम्हाला आत्तापर्यंत कळलंच असेल. पण वर्षानुवर्षांची सवय जाते कुठं? मी फोनकडं पाठ करूनच म्हणालो, "गाय खरंच लई देखणी होती. तू काय खास नव्हतीस."

सुमन दुकानातल्या त्या बाईसारखी गोड हसली. "बरं," म्हणाली, माझ्या पुढ्यातला भरलेला कप उचलला आणि सरळ गोठ्यातल्या गाईकडं घेऊन गेली.